पितळी बटणाची साक्ष

वसईच्या किल्ल्यापासून उत्तरेस अर्नाळ्यापर्यंतचा किनारा ही इतिहासाची वर्दळीची वाट आहे. निर्मळ, वटार, आगाशी ही त्याच पट्ट्यातली गावे. येथे एखाद्या वाडीत आळे खणताना हिरवे पडलेले बटण किंवा मुकुटाचा बिल्ला हाती लागला, तर आपले मन तत्काळ १७३९ कडे धाव घेते. हा चिमाजी अप्पांच्या शिपायाचा तर नसेल? हा अभिमान स्वाभाविक आहे. पण अभिमानाने वस्तूची परीक्षा होत नाही.

वसईच्या वेढ्यात हजारो मराठे पडले आणि मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. परंतु त्या फौजेला सरकारी गणवेश नव्हता. शिपाई आपापला अंगरखा व मुंडासे घालून लढला. पलटणीचा क्रमांक किंवा मुकुट मिरवणारे चिन्ह त्याच्या अंगावर असणे शक्यच नव्हते.

इंग्रजी पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक घालण्याचा प्रघात १७६७-६८ च्या सुमारास पडला. जनरल गॉडर्डने वसई घेतली ती डिसेंबर १७८० मध्ये. सालबाईच्या तहाने, १७८२ मध्ये, ती पुन्हा मराठ्यांकडे आली. म्हणजे क्रमांकाचे बटण या मोहिमेचे असू शकेल, त्याआधीच्या वेढ्याचे नव्हे. दोन पंजांत मुकुट धरलेला सिंह दिसला तर ते ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले.

पुढील काळासाठी मुकुटाचा आकार पाहावा. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट माथ्याशी मध्यभागी दबलेला असतो. १९०१ मध्ये राणी वारली. त्यानंतरच्या राजांचा मुकुट घुमटासारखा वर उचललेला दिसतो. १९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

मात्र प्रत्येक मुकुट फौजेचा नसतो. पोलीस, जकात, रेल्वे यांचेही गणवेश होते. बी. बी. अँड सी. आय. ही अक्षरे असतील तर ती १९५१ पर्यंत आपल्या भागातून धावणाऱ्या रेल्वे कंपनीची. ते बटण एखाद्या पोर्टरच्या कोटाचे असेल. त्यात कमीपणा कसला? त्यानेही आयुष्यभर चाकरी केलेलीच असते.

सर्वांत बोलकी असतात ती खांद्यावरची पितळी अक्षरे व अंक. १९०३ मध्ये मुंबई इलाख्याच्या जुन्या पायदळी पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले: तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि जुने क्रमांक गेले. म्हणून १०३ हा अंक आणि मराठ्यांचे नाव एकत्र आले, की ती वस्तू १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतली ठरते.

आणि येथेच, श्रोतेहो, तो क्षुद्र तुकडा मोठा होतो. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. सुमारे पाच महिने उपाशीपोटी तग धरून एप्रिल १९१६ मध्ये ती सेना शरण गेली आणि कित्येक शिपाई कैदेतच मेले. मुकुट परक्याचा होता. त्याखाली उभे होते ते कोकणातले आणि देशावरचे आपले मुलगे. त्यांच्या बिल्ल्याला १७३९ ची खोटी जन्मपत्रिका जोडली, तर चिमाजी अप्पांचा मान वाढत नाही. या मुलांचे नाव मात्र दुसऱ्यांदा पुसले जाते.

तेव्हा अशी वस्तू मिळाली तर चिंच लावून चकचकीत करू नका. घासण्याने अंक झिजतात, आणि मागच्या बाजूस कारखान्याचे नाव असेल तर तेही जाते. मऊ कुंचल्याने माती झटका, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, नेमकी कोठे व किती खोल सापडली ते लिहून ठेवा. जागा हरवली की निम्मी साक्ष हरवते. वसईचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. तेथे परवानगीवाचून खणणे हा गुन्हा आहे. अन्यत्रही जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

बटण खोटे बोलत नाही. आपण त्याच्या तोंडी आपल्या आवडीचे शब्द घालू नयेत, एवढेच त्याचे आपल्याकडे मागणे आहे.