फुटकी बादली आणि मैदानाचा हक्क : नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलची कहाणी

१/
इ.स. २००१, पावसाळ्याचे दिवस. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे पाऊस चुकवण्यासाठी झाडाखाली थांबले होते. समोर झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात एक फुटकी बादली पायांनी ढकलत, अडवत, हिसकावत खेळत होती. बारसे यांनी त्यांना फुटबॉल आणून दिला. पुढे जगभर गेलेल्या एका प्रयोगाची ही सुरुवात.

२/
ही कथा ‘झुंड’ चित्रपटामुळे घराघरांत पोहोचली. पण तिच्यामागे एक जुना इतिहास आहे. तरुणांना ‘घडवण्यासाठी’ फुटबॉल वापरण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. मुलांना कोण घडवतो, कशासाठी घडवतो आणि मैदान कोणाच्या ताब्यात असते, या प्रश्नांची उत्तरे मात्र प्रत्येक काळात निराळी होती. त्याचाच हा धागा.

३/
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या निवासी शाळांत असा विश्वास होता की सांघिक खेळातून चारित्र्य घडते. धैर्य, शिस्त, आज्ञापालन आणि सहकाऱ्यासाठी झीज सोसणे हे गुण वर्गापेक्षा मैदानावर लवकर रुजतात, असे मानले जाई. साम्राज्याबरोबर ही समजूत हिंदुस्थानात आली. तिचे वाहक दोन होते : लष्करी छावणी आणि मिशनरी शाळा.

४/
या विचाराचे ठळक उदाहरण श्रीनगरचे. १८९१ मध्ये सेसिल टिंडल-बिस्को यांनी तेथील मिशन शाळेत फुटबॉल आणला. चेंडू चामड्याचा असल्याने ब्राह्मण विद्यार्थी त्याला शिवायला तयार होईनात. बिस्को यांनी त्यांना बळजबरीने मैदानात उतरवले. खेळताना एकाच्या तोंडावर चेंडू आदळला, तेव्हा विटाळ झाला म्हणून मुले हवालदिल झाली. तोंड धुऊन पुन्हा खेळायला या, असे त्यांना सांगण्यात आले.

५/
या प्रसंगाचे दोन अर्थ निघतात. अस्पृश्यतेच्या कल्पनेला मैदानावर तडा गेला, हा एक. मुलांना काय हवे हे त्यांना कोणी विचारले नाही, हा दुसरा. आत्मविश्वास देण्याच्या नावाखाली हुकूम दिला गेला. खेळातून माणूस घडवण्याच्या पुढील सर्व प्रयत्नांत हा तिढा कायम राहिला.

६/
खेळाडूंनी या खेळाला आपला अर्थ दिला तो कोलकात्यात. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. ज्या खेळातून राज्यकर्ते आज्ञापालन शिकवू पाहत होते, त्याच खेळाने पराधीन समाजाला बरोबरीची जाणीव करून दिली.

७/
विदर्भात फुटबॉल रुजला तो मुख्यतः संस्थांच्या आश्रयाने. १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी, रेल्वे, मिशनच्या शाळा-महाविद्यालये आणि पुढे सरकारी कारखाने हे ते आश्रयदाते. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब अशा मंडळींनी हा खेळ छावणीबाहेर मोहल्ल्यांत नेला. हिस्लॉप महाविद्यालयही (१८८३) स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्याच नावाचे.

८/
नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना भंडाऱ्याच्या अलीकडे जवाहरनगर लागते. १९६०च्या दशकात येथे आयुध निर्माणी उभी राहिली. तोफगोळ्यांना लागणारी प्रक्षेपक दारू हे तिचे उत्पादन. कारखान्याबरोबर वसाहतही आली. नेहरूंच्या काळातील औद्योगिक वसाहतींच्या कल्पनेत घराबरोबर शाळा, दवाखाना, बाजार आणि खेळाचे मैदान गृहीतच धरलेले असे.

९/
अशा वसाहतींत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी राहत. बंगाली, मल्याळी, तेलुगू, हिंदी आणि वऱ्हाडी-झाडी बोलणाऱ्या मुलांना संध्याकाळी एकत्र आणणारी भाषा बहुधा खेळाचीच. पण या सोयीला एक अट होती. मैदान वडिलांच्या नोकरीबरोबर मिळे. संरक्षण उत्पादनाच्या ठिकाणी कुंपण आणि पहारा असणे स्वाभाविकच. त्यामुळे आतली मुले आणि बाहेरच्या गावांतली मुले यांची मैदानेही वेगळी राहत.

१०/
कुंपणाबाहेरच्या भंडारा जिल्ह्यात खेळ नव्हते असे मुळीच नाही. धानाची कापणी आटोपली की शंकरपट, कबड्डीचे सामने, रात्री दंडार आणि झाडीपट्टीची नाटके, असा गावाचा सामुदायिक उत्सव असे. उणीव होती ती वर्षभर चालणाऱ्या, मुलींनाही सामावून घेणाऱ्या आणि मुलांकडे जबाबदारी सोपवणाऱ्या नियमित खेळाची.

११/
महाराष्ट्रातील दुसरे प्रारूप कोल्हापूरचे. तेथे फुटबॉल तालमींनी उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम ही पेठांची नावे आणि पेठांचाच अभिमान. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ लोटते. वर्गणी, कपडे, खेळाडूंचा सांभाळ, सारे समाजच करतो.

१२/
कोल्हापूरने एक धडा दिला आणि एक इशाराही. समाजाने खेळ आपला मानला की तो सरकारी मदतीवाचून पिढ्यानपिढ्या टिकतो, हा धडा. आपुलकी ईर्षेत बदलली की समर्थकांमध्ये हाणामाऱ्याही होतात, हा इशारा. म्हणजे चेंडू स्वतः काही शिकवत नाही. त्याच्याभोवती कोणते नियम आणि कोणती माणसे आहेत, यावर सर्व अवलंबून असते.

१३/
आता पुन्हा नागपूर. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख आणि त्यातील एक तृतीयांशाहून अधिक लोक झोपडपट्टीत राहणारे. या वस्त्यांतील मुलांना ना छावणीचा आश्रय, ना कारखान्याची वसाहत, ना पेठेची तालीम. शहराची मैदाने शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींआड होती. बारसे यांच्या कामाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

१४/
२००१ मध्ये नागपुरात क्रीडा विकास संस्था उभी राहिली आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हे नाव रूढ झाले. नावातच धोरण होते. जो शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई, तोच स्पर्धेचे शीर्षक बनला. खेळायचे असेल तर झोपडपट्टीत राहणारे असणे आवश्यक. बूट वा गणवेश नसला तरी हरकत नाही. सुरुवातीच्या स्पर्धेतच शंभराहून अधिक संघ उतरले.

१५/
हे समजून घेण्यासारखे आहे. एरवी गरीब मुलाला खेळात प्रवेश मिळतो तो अपवाद म्हणून : फार गुणी असेल तर कोणी हात धरतो. येथे प्रवेशाची अट गुणवत्ता नव्हती. ज्याला वस्तीबाहेर नाकारले जात होते तो येथे यजमान होता. आत्मविश्वासाची पहिली पायरी गोल करणे नसून मैदानावर हक्काने उभे राहणे ही आहे, असे या रचनेत गृहीत होते.

१६/
पुढचा मार्ग सोपा नव्हता. स्वयंसेवी कामाला पैसा लागतो आणि तो बराच काळ घरातून गेला. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून बारसे यांनी नागपूरबाहेर जमीन घेतली, ती मुलांच्या मैदानासाठी. पत्नी रंजना यांची साथ होती. अमेरिकेत असलेले पुत्र अभिजित परतून या कामात आले आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने कामाला संघटित रूप मिळाले.

१७/
त्याच सुमारास जगात एक समांतर घटना घडत होती. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड यांनी बेघरांसाठी विश्वचषकाची कल्पना मांडली. पहिला ‘होमलेस वर्ल्ड कप’ २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाला. २००६ मध्ये केपटाऊनच्या स्पर्धेच्या वेळी बारसे तेथे गेले आणि नागपूर या जाळ्याशी जोडले गेले. त्यानंतर भारताचे संघ या स्पर्धेत उतरू लागले.

१८/
या स्पर्धेची रचना पाहण्याजोगी आहे. मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. एका संघाचे चार जण मैदानात, त्यांत एक गोलरक्षक. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : एका खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. स्पर्धा ही कारकीर्द ठरू नये, आयुष्याला वळण देणारा एक प्रसंग ठरावा, हा त्यामागील हेतू.

१९/
या नियमामुळे खरा प्रश्न परतल्यानंतर सुरू होतो. परदेशात राष्ट्रगीत ऐकून आलेला तरुण त्याच गल्लीत, त्याच बेकारीत परततो. पुढे काय? नागपूरचे उत्तर असे की खेळाडूलाच प्रशिक्षक करावे. काल ज्याला कोणी विचारत नव्हते त्याच्यासमोर आज वस्तीतली वीस मुले वेळेवर येऊन उभी राहतात. त्याला स्वतः वेळ पाळावी लागते, व्यसनापासून दूर राहावे लागते, पालकांशी बोलावे लागते.

२०/
जगातील दोन प्रयोग येथे उपयोगी पडतात. नैरोबीच्या मथारे वस्तीत १९८७ मध्ये बॉब मन्रो यांनी युवा क्रीडा संघटना सुरू केली. तेथे वस्ती स्वच्छ करणाऱ्या संघाला गुणतक्त्यात गुण मिळत. कचरा उचलणे ही शिक्षा न राहता संघाच्या यशाचा भाग झाली. याच परंपरेतील मथारे युनायटेड २००८ मध्ये केनियाच्या लीगचा विजेता ठरला.

२१/
दुसरा प्रयोग कोलंबियातील मेदेयिनचा. विश्वचषकातील स्वयंगोलनंतर, २ जुलै १९९४ रोजी, आंद्रेस एस्कोबार या खेळाडूची तेथे हत्या झाली. त्या धक्क्यातून युर्गन ग्रीसबेक यांनी ‘शांततेसाठी फुटबॉल’ सुरू केला. पंच नाही, सामन्याआधी दोन्ही संघांनी नियम ठरवायचे आणि नंतर बसून वागणुकीचे गुण द्यायचे. संघाचा पहिला गोल मुलीनेच करायचा, हाही एक नियम.

२२/
चर्चा, सामना, पुन्हा चर्चा, अशी ही तीन भागांची पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. स्लम सॉकरनेही ती स्वीकारली. तिचे मर्म साधे आहे. वादात मुलाला स्वतःची बाजू मांडावी लागते, दुसऱ्याची ऐकावी लागते आणि आपली चूक सर्वांसमक्ष मान्य करावी लागते. १८९१ च्या हुकमापासून हे फार दूरचे टोक आहे : येथे नियम मुलेच करतात.

२३/
मुलींचा प्रश्न अधिक कठीण. घरकाम, धाकटी भावंडे, अंधार पडण्याआधी घरी परतण्याचे बंधन, लवकर लग्न आणि अर्ध्या चड्डीवरून होणारी टीका. म्हणून संस्थेचे मुलींसाठीचे काम आरोग्य, मासिक पाळी आणि सुरक्षितता यांच्याशी जोडलेले आहे. मुलगी मैदानात टिकायची असेल तर आधी तिच्या आईचा होकार मिळवावा लागतो, हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

२४/
मान्यता मिळत गेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन मालिकेच्या तिसऱ्या पर्वाची सुरुवात खेळाच्या विषयाने झाली आणि बारसे यांचे काम देशाने पाहिले. २०१६ मध्ये स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बेघरांचा विश्वचषक ग्लासगोत भरला. स्कॉटिश मिशनरीच्या नावाच्या महाविद्यालयातून निघालेली वाट अशी स्कॉटलंडपर्यंत गेली.

२५/
४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ प्रदर्शित झाला. त्यातील लक्षात राहणारी गोष्ट सामना नसून महाविद्यालय आणि वस्ती यांमधली भिंत आहे. डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतराने पावन झालेल्या शहरात ही भिंत केवळ विटांची नाही, जातीचीही आहे, हे चित्रपट स्पष्टपणे सांगतो. एका शिक्षकाने ती ओलांडली. ती पाडण्याचे काम मात्र एका शिक्षकाचे नव्हते.

२६/
म्हणून या इतिहासाकडे केवळ प्रेरणाकथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. फुटबॉलने रोजगार निर्माण होत नाही, घराचा पट्टा मिळत नाही, जात जात नाही. त्यातून व्यावसायिक खेळाडू मोजकेच घडतात. होते ते इतकेच : तरुण आपले म्हणणे मांडायला शिकतो, त्याच्यावर चार माणसे विसंबून राहतात आणि वस्तीच्या कामात त्याचे नाव घेतले जाते. नागरिक होण्याची ही पूर्वतयारी आहे.

२७/
जवाहरनगरसारख्या वसाहतींसाठी हा धडा आजचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. नोकरीबरोबर मैदान मिळण्याचा काळ मागे पडत आहे. परिसरातील गावांत मात्र मुले आहेत, ग्रामपंचायती आहेत, शाळांची पटांगणे आहेत आणि सुटीच्या दिवशी ती बहुधा कुलूपबंद असतात.

२८/
२२ मीटर गुणिले १६ मीटर इतकी जागा कोणत्याही जिल्हा परिषद शाळेच्या आवारात निघू शकते. चेंडूचा खर्चही फार नाही. खरी गरज आहे ती संध्याकाळी फाटक उघडणाऱ्या हाताची, रोज नेमाने येणाऱ्या एका ताई-दादाची आणि ‘ही आपलीच मुले’ असे म्हणणाऱ्या गावाची. नागपूरच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष एवढाच आहे.

(समाप्त)