जय आणि ईश्वरी न्याय

राष्ट्राच्या जयापजयावरून धर्माचा खरेखोटेपणा ठरवावा काय? इ. स. ४१० च्या ऑगस्टांत अलारिकाच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें, तेव्हां जुन्या देवतांचे उपासक म्हणूं लागले कीं, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचेंच हें फळ होय. ह्या आक्षेपास उत्तर म्हणून आफ्रिकेंतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन ह्यानें 'ईश्वराचें नगर' हा २२ भागांचा ग्रंथ लिहिला. ख्रिस्तजन्मापूर्वींहि रोमवर अनर्थ कोसळले होते, हें त्यानें दाखविलें. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. इ. स. ३१२ च्या कॉन्स्टंटाइनच्या विजयांत युसीबियस ह्या ख्रिस्ती इतिहासकारास ईश्वराचा हात दिसला होता. ऑगस्टीनचें म्हणणें निराळें. सिंहासन सज्जनास मिळतें, तसें दुर्जनासहि. सबब ऐहिक यश हें ईश्वरी कृपेचें माप नव्हे.

श्रद्धेच्या दृष्टीनें इतिहास पाहणाऱ्यानें हाच विवेक राखावा, असें आम्हांस वाटतें. जयासच न्याय मानणारी श्रद्धा पहिल्याच पराभवानें ढासळते. इ. स. ४३० मध्यें व्हँडलांचा हिप्पोस वेढा पडला असतां ऑगस्टीन वारला. शत्रु वेशीशीं होता. त्याच्या सिद्धान्तास मात्र त्यामुळें बाध आला नाहीं.