नाण्याचे तीन भाव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या सराफापुढे जुना रुपया ठेवला की तो आधी काट्यावर टाकतो. त्याचे बरोबरच आहे. इंग्रजी अमलातला रुपया म्हणजे नेमका एक तोळा, ११.६६ ग्रॅम. १९४० पूर्वी त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. त्या वर्षी ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला.

म्हणजे नाण्याला दोन भाव झाले, एक वर छापलेला आणि दुसरा धातूचा. पण एक तिसराही भाव असतो, तो संग्राहकाचा.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली दहा रुपयांचे नाणे निघाले. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. ते चलनातही आले आणि मुंबईच्या टाकसाळीने त्याची प्रूफ नाणीही पाडली. प्रूफ नाण्यावर सालाखाली इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असते. दोन्हींत चांदी तेवढीच, १२ ग्रॅम. तरीही संग्राहक प्रूफसाठी जास्त पैसे मोजतो. का बरे?

प्रूफ नाणे खर्चायला काढलेले नसते. त्याची कोरी चकती आधी लखलखीत करतात, ठसाही पॉलिश करतात आणि एकाहून अधिक वेळा दाब देतात. ठशातला चित्राचा खोलगट भाग मात्र खरबरीत ठेवतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी गडद चमकते आणि चित्र दहिवर पडल्यासारखे पांढुरके उठून दिसते. या जोडीला ‘कॅमिओ’ म्हणतात.

ठशातला हा खरबरीतपणा वापराने झिजतो. पहिल्या काही नाण्यांवर दहिवर दाट, पुढच्यांवर विरळ. अमेरिकेत १९५० ते १९७० या काळातल्या प्रूफ नाण्यांत दाट कॅमिओ कमीच सापडतो, म्हणून त्याच सालच्या साध्या प्रूफपेक्षा त्याला कितीतरी जास्त भाव येतो. पुढे ठशांवर क्रोमचा मुलामा देऊ लागले, दहिवर टिकू लागले. जे सर्रास झाले त्याचा वरकड भाव ओसरला.

हा सगळा भाव पृष्ठभागाचा आहे. आणि आपण काय करतो? लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच-राख घेऊन नाणी घासतो! देवापुढे स्वच्छ वस्तू ठेवावी ही भावना चांगलीच. पण प्रूफ नाणे एकदा घासले की उरतो तो सराफाचा भाव.

हे लिहायला एक कारण आहे. माझे जुने विद्यार्थी फोन करून विचारतात, “सर, वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे?” ते नाणे २०१२ चे, चलनासाठीच भरपूर पाडलेले. लाखाचे आमिष दाखवणारा आधी ‘शुल्क’ मागतो, कधी रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून. आपण असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

तेव्हा मंडळी, नाणे जुने आहे किंवा त्यावर देवाचे चित्र आहे एवढ्याने तिसरा भाव मिळत नाही. ते किती निघाले, किती उरले आणि कसे राखले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत नाणे घासू नये, आणि पैसे तर कोणाला मुळीच पाठवू नयेत.