ट्रायंफ स्टॅग : एका बदनाम इंजिनाची कथा

इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहर एके काळीं मोटारींच्या कारखान्यांनीं गजबजलेलें होतें. तेथील ट्रायंफ कंपनीनें जून १९७० मध्यें ‘स्टॅग’ नांवाची एक उघड्या टपाची गाडी विक्रीस आणली. चार माणसांची सोय, आठ सिलिंडरांचें ३ लिटरचें इंजिन आणि मिकेलोत्ती या इटालियन आरेखकानें रेखिलेली डौलदार आकृति. पाहणारानें मोहित व्हावें असेंच तें वाहन होतें. परंतु थोड्याच वर्षांत तिचें नांव खराब झालें. रस्त्याच्या कडेला वाफ सोडीत उभी असलेली स्टॅग हा थट्टेचा विषय होऊन बसला.

दोष कोठें होता? इंजिनाचा ब्लॉक लोखंडाचा, त्यावरील दोन्ही हेड ॲल्युमिनियमचीं. तापल्यावर हे धातु सारखे प्रसरण पावत नाहींत. ही जोडी कांहीं जगावेगळी नव्हे. पण तिला पाण्याचा चोख पुरवठा लागतो, आणि घोडें नेमकें तेथेंच अडलें. पाणी खेळविणारा पंप इंजिनाच्या माथ्याशीं बसविलेला होता. पाण्याची पातळी थोडी उतरली कीं सर्वांआधीं तोच कोरडा पडे. मग पाणी फिरेनासें होई, हेड वाकत व गॅस्केट फुटे. त्यांत ओतकामाची वाळू कित्येक ब्लॉकांत तशीच राहून गेलेली. ती गंजाच्या गाळाबरोबर रेडिएटरांत साचे. हें काम नीट धुऊन बाहेर पाठविणें कारखान्याला अशक्य होतें असें कोण म्हणेल?

वाकलेलें हेड उतरविणें हें तर दिव्यच. त्याला धरणारे कांहीं बोल्ट उभे, तर कांहीं स्टड तिरपे. ते ॲल्युमिनियमशीं गंजून एकजीव झाले म्हणजे कारागीर हात टेकीत. व्हॉल्व्ह हलविणाऱ्या साखळ्याहि लवकर सैल पडत, आणि एखादी घसरली कीं व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत. १९७७ मध्यें गाडी बंद झाली तोंवर २५,००० हून अधिक गाड्या बनल्या होत्या. कंटाळलेल्या अनेक मालकांनीं मूळ इंजिन काढून रोव्हरचें आठ सिलिंडरांचें इंजिन घातलें. गंमत अशी कीं तें इंजिन याच उद्योगसमूहाच्या मालकीचें होतें; मात्र स्टॅगमध्यें तें मावत नाहीं, असें कंपनींतील लोक सांगत आले होते!

पुढें स्वस्तांत मिळणाऱ्या या गाड्या हौशी लोकांनीं घेतल्या, आणि चित्र पालटलें. ब्लॉक आंतून धुवावा, रेडिएटर नवा करावा, गंजरोधक द्रव बारमहा पाण्यांत ठेवावा, साखळ्या वेळेवर बदलाव्या. एवढें केल्यावर तेंच इंजिन वर्षानुवर्षें निमूटपणें चालूं लागलें. जाणता गिऱ्हाईक गाडी पाहण्यास जातो तो इंजिन थंड असतांना. विकणारानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर त्याला शंका येते. सुरू करतांच साखळीचा खडखडाट ऐकूं येतो काय, तेलांत पाणी मिसळून साय धरली आहे काय, हें तो पाहतो. मग लांबचा फेरा मारून तापमानाच्या कांट्यावर नजर ठेवतो. पत्रा कुजला असेल तर खर्च इंजिनाहूनहि भारी पडतो.

आज मूळ इंजिन राखलेल्या स्टॅगला बदललेल्या इंजिनाच्या गाडीपेक्षां सामान्यतः अधिक भाव येतो.