पूर्व उत्तर प्रदेशातील जपानी मेंदूज्वर : एक ऐतिहासिक मागोवा

प्लेग, देवी व पटकी यांच्या साथींना भारतीय इतिहासलेखनात पुरेसे स्थान लाभले आहे. त्या मानाने लहान मुलांचा बळी घेणारा जपानी मेंदूज्वर उपेक्षित राहिला. वसाहतकालीन दप्तरांत तो फारसा भेटत नाही हे एक कारण. त्याचे रुग्ण बहुतांशी खेड्यांतील गरीब घरांतले, हे दुसरे व अधिक महत्त्वाचे. प्रस्तुत लेखात गोरखपूर परिसराच्या अनुषंगाने या रोगाचा मागोवा घेतला आहे.

जपानमध्ये १९२४ साली या रोगाची मोठी साथ आली आणि १९३५ मध्ये त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. भारतात पहिले रुग्ण १९५५ मध्ये वेल्लोर परिसरात आढळले. विषाणूंच्या अभ्यासासाठी पुण्यात १९५२ मध्येच संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे शास्त्रीय ज्ञानाचा अभाव होता, असे म्हणता येत नाही. १९७३ मध्ये बंगालमधील बांकुडा व वर्धमान जिल्ह्यांत आणि १९७८ मध्ये गोरखपूर परिसरात साथ उद्भवली.

हा परिसर तराईलगतचा, भातशेतीचा. भातखाचरांत साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात विषाणू पोसला जातो आणि डासांमार्फत तो माणसापर्यंत पोहोचतो. माणसाकडून मात्र तो पुढे जात नाही. डुकरे पाळणारी कुटुंबे आधीच उपेक्षित. रोगाचा ठपकाही त्यांच्याच वस्तीवर ठेवणे सोपे होते. भाताच्या पाण्याकडे तसे बोट दाखविणे कोणालाच परवडणारे नव्हते.

लस होती, पण उंदराच्या मेंदूपासून तयार होणारी ती लस कसौली येथे मर्यादित प्रमाणात बनत असे आणि तिच्या अनेक मात्रा द्याव्या लागत. २००५ मध्ये उत्तर प्रदेशात तेराशेहून अधिक मृत्यू झाले, तेव्हा कुठे २००६ पासून चीनमध्ये विकसित झालेल्या लसीची व्यापक मोहीम सुरू झाली. पहिल्या साथीपासून तोवर २८ वर्षे लोटली होती. पुण्याच्या संस्थेच्या सहभागाने तयार झालेली भारतीय लस २०१३ मध्ये आली.

वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना पक्षाघात, अपस्मार वा मतिमंदत्व आले. सरकारी तक्त्यांत मृतांचा रकाना असे, यांचा क्वचितच.

अभ्यासकापुढे आणखी एक अडचण आहे. गोरखपूरमधील मेंदूज्वराच्या रुग्णांच्या नंतर झालेल्या तपासण्यांत निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा संसर्ग आढळला. हा रोग डासांमुळे नव्हे तर सूक्ष्म माइट्सच्या अळ्यांच्या चाव्याने होतो व डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने बरा होऊ शकतो. त्यामुळे जुन्या नोंदींत 'मेंदूज्वर' या एकाच शब्दाखाली दडलेल्या मृत्यूंपैकी डासांमुळे झालेले किती आणि औषध मिळते तर टळले असते असे किती, हे आता त्या कागदांवरून वेगळे काढता येत नाही.