जुना नेटवर्क प्रिंटर : लिनक्स सर्व्हरवरील जोडणी

ड्रायव्हर न लागणारी छपाई रूढ होण्यापूर्वीचा, इथरनेट कार्ड असलेला प्रिंटर लिनक्स सर्व्हरला जोडून तो सर्व संगणकांना खुला करण्याची पद्धत. लिनक्सवर हे काम मुख्यतः ‘कप्स’ ही प्रणाली करते. मायकेल स्वीट यांच्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स कंपनीने ती १९९९ मध्ये आणली. २००७ मध्ये अॅपलने तिचा सोर्सकोड विकत घेतला. पुढे मूळ मुक्त प्रकल्पाची धुरा ओपनप्रिंटिंग या गटाकडे आली.

तत्त्व : प्रिंटरचे वय फारसे आड येत नाही. तो कोणत्या पोर्टवर काम स्वीकारतो आणि कोणती पानवर्णन भाषा जाणतो, एवढे कळले की पुरते. एचपीच्या जेटडायरेक्ट कार्डाने रूढ केलेला ९१०० आणि युनिक्समधील एलपीडी पद्धतीचा ५१५ हे जुने पोर्ट कप्सला आजही चालतात. भाषा बहुधा पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असते. १९९२ चा एचपी लेझरजेट ४ (प्रतिइंच ६०० ठिपके) मुळात पीसीएल जाणतो. पोस्टस्क्रिप्टसाठी त्यात वेगळे मॉड्यूल बसवावे लागे. पानाची प्रतिमा संगणकाकडूनच तयार करून घेणारे स्वस्त प्रिंटर मात्र त्यांच्या खास ड्रायव्हरवाचून चालत नाहीत.

जोडणी : प्रथम प्रिंटरच्या पॅनेलवरून माहितीपान छापून आयपी पत्ता पाहतात. जुन्या जेटडायरेक्ट कार्डाला पत्ता मिळाला नाही, तर ते १९२.०.०.१९२ हा ठरीव पत्ता घेते. तो सहसा कार्यालयाच्या नेटवर्कबाहेरचा असल्याने चालू प्रिंटरही बंद वाटतो. पत्ता कायम केल्यावर सर्व्हरच्या ६३१ पोर्टवरील कप्सच्या वेबपानात किंवा ‘एलपीअॅडमिन’ या आज्ञेने छपाईची रांग तयार करतात. तीत सॉकेट पद्धत, पत्ता, पोर्ट ९१०० आणि ड्रायव्हर नमूद करतात. गुटनप्रिंट व फूमॅटिक या संग्रहांत जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर मिळतात. शेवटी रांग ‘शेअर’ करतात. सोबत अवाही ही सेवा चालू असल्यास आयफोनलाही तो प्रिंटर दिसतो. ड्रायव्हर फक्त सर्व्हरवर लागतो.

दोष व उपाय : कागदावर मजकुराऐवजी %! या चिन्हांनी सुरू होणारा कोड छापला गेला, तर पीसीएल प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट मिळाले असे समजावे आणि ड्रायव्हर बदलावा. एखाद्या त्रुटीने रांग थांबली असेल, तर प्रिंटर पुन्हा चालू करूनही भागत नाही. ‘कप्सएनेबल’ आज्ञेने ती उघडावी लागते.

सुरक्षा : ९१०० पोर्टवर ना पासवर्ड, ना कूटबद्धता. म्हणून प्रिंटरपर्यंत फक्त सर्व्हरला पोचू द्यावे आणि ६३१ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

पुढील दिशा : कप्सच्या आगामी ३ या पिढीतून पारंपरिक ड्रायव्हरांचा आधार काढण्याचे ठरले आहे. त्यांची जागा ‘प्रिंटर अॅप्लिकेशन’ घेतील. जुना प्रिंटर ड्रायव्हर न लागणाऱ्या आयपीपी छपाई पद्धतीचा आहे असे भासवून ही अॅप्लिकेशने त्याच्याशी त्याच्याच भाषेत व्यवहार करतात.