झोताच्या होडीची तीनशे वर्षे

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. एका होडीत पंप बसवला आहे. तो होडीच्या तळातून पाणी ओढतो आणि मागच्या बाजूने जोराच्या झोताने बाहेर फेकतो. या झोतामुळे होडी पुढे जाते. आता झोत सोडणारी तोटी कोठे ठेवावी? पाण्याच्या पृष्ठभागाखाली की पृष्ठभागाच्या वर, हवेत?

बहुतेक विद्यार्थी 'पाण्याखाली' असे उत्तर देतील, आणि कारणही सांगतील : झोताला मागच्या पाण्यावर रेटा देता आला पाहिजे, हवेवर रेटून काय होणार? पटण्यासारखे वाटणारे हे उत्तर चुकीचे आहे. न्यूझीलंडमधील एका मेंढपाळ-अभियंत्याने १९५०च्या दशकात तोटी पाण्याबाहेर काढली आणि तीनशे वर्षे रखडलेली कल्पना खऱ्या अर्थाने चालू लागली. ती इतकी वर्षे का रखडली आणि मग का चालली, हे पाहू या.

कल्पना जुनी आहे. पंपाने पाणी ओढून मागे फेकायचे आणि जहाज पुढे न्यायचे, यासाठी इंग्लंडमध्ये टूगुड आणि हेज या दोघांनी १६६१ साली एकस्व मिळवले होते. डॅनिएल बर्नुली हे नाव दाब आणि वेग यांच्या संबंधामुळे आपल्या परिचयाचे आहे. त्यांनी १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात झोताच्या प्रतिक्रियेने नौका चालवण्याचा विचार मांडला होता. अमेरिकेत जेम्स रम्झी यांनी तो प्रत्यक्षात आणला. डिसेंबर १७८७मध्ये पोटोमॅक नदीवर त्यांनी वाफेच्या पंपावर चालणारी होडी लोकांसमोर चालवून दाखवली. होडी प्रवाहाविरुद्ध गेली, पण तिचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतकाच होता.

पुढची मोठी परीक्षा ब्रिटिश नौदलाने घेतली. 'वॉटरविच' ही चिलखती युद्धनौका १८६६ साली पाण्यात उतरली. रुथव्हेन यांच्या पद्धतीचे, सुमारे सव्वाचार मीटर व्यासाचे प्रचंड पंपचक्र तिच्या पोटात होते. तुलनेसाठी जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या 'व्हायपर' या नौकेला नेहमीचे मळसूत्री पंखे म्हणजे प्रोपेलर बसवले होते. दोन्हींचा वेग नऊ-साडेनऊ नॉटच्या आसपास भरला. (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर.) मात्र जास्त अश्वशक्ती खर्च करूनही 'वॉटरविच' 'व्हायपर'पेक्षा किंचित मागेच राहिली. नौदलाने प्रोपेलरच्या बाजूने कौल दिला.

हा निकाल अन्यायाचा नव्हता. त्यामागचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यालाही करता येते.

समजा, होडीला १००० न्यूटन बल हवे आहे. हे बल म्हणजे दर सेकंदाला मागे फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान गुणिले त्या पाण्याच्या वेगात केलेली वाढ. ते दोन प्रकारे मिळवता येईल. दर सेकंदाला १०० किलोग्रॅम पाणी घेऊन त्याचा वेग सेकंदाला १० मीटरने वाढवायचा. याला आपण 'झोताची पद्धत' म्हणू. किंवा ५०० किलोग्रॅम पाणी घेऊन त्याचा वेग फक्त २ मीटरने वाढवायचा. मोठ्या व्यासाचा प्रोपेलर साधारण असे करतो. बल दोन्हीकडे सारखेच. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे खर्च सारखा नाही.

होडी सेकंदाला २ मीटर या मंद गतीने चालली आहे असे धरा. उपयोगी शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, अर्थात २००० वॉट. झोताच्या पद्धतीत पाण्याचा होडीच्या सापेक्ष वेग २ वरून १२ होतो आणि पाण्याला ७००० वॉट द्यावे लागतात. कार्यक्षमता जेमतेम २९ टक्के. दुसऱ्या पद्धतीत वेग २ वरून ४ होतो, खर्च ३००० वॉट आणि कार्यक्षमता ६७ टक्के. उरलेली ऊर्जा मागे खळबळणाऱ्या पाण्यात वाया जाते. रम्झींची होडी आणि 'वॉटरविच' का हरल्या ते येथे कळते.

आता तीच होडी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावू द्या. झोताच्या पद्धतीत वेग १५ वरून २५ होतो आणि कार्यक्षमता ७५ टक्के येते. दुसऱ्या पद्धतीची ९४ टक्के. प्रोपेलर अजून पुढेच आहे, पण दोघांतले अंतर बरेच घटले. पूर्वी दुसरी पद्धत दुपटीहून सरस होती, आता ती पावपट सरस आहे. म्हणजे झोताची युक्ती मुळात वाईट नव्हती. ज्या मंद होड्यांना ती जोडली जात होती, त्यांच्यासाठी ती वाईट होती.

शिवाय वेग वाढला की प्रोपेलरच्या मागे दोन नवी दुखणी लागतात. पहिले दुखणे चार्ल्स पार्सन्स यांना १८९४ साली भेटले. त्यांनी वाफेच्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' ही नौका बांधली. यंत्र जोरदार होते, तरी नौका अपेक्षित वेग घेईना. प्रोपेलर इतक्या जोराने फिरत होता की पात्यांच्या एका बाजूला पाण्याचा दाब फार कमी होऊन तेथे पाणी साध्या तापमानालाच उकळत होते. वाफेच्या बुडबुड्यांत फिरणारी पाती पाण्याला धड रेटा देऊ शकत नव्हती. अभियंते याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे बुडबुडे फुटताना धातूची पातीही कुरतडली जातात. (कमी दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते हा प्रयोग आपण शाळेत करतोच.) पार्सन्स यांनी तीन दांड्यांवर मिळून नऊ प्रोपेलर बसवले, तेव्हा कोठे १८९७ साली 'टर्बिनिया' सुमारे ३४ नॉट वेगाने धावली. दुसरे दुखणे म्हणजे तळाखाली लोंबणारे प्रोपेलर, दांडे, त्यांचे आधार आणि सुकाणू. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेगवान नौकेला हा भार फार जड जातो.

झोताच्या यंत्राला यातले काही लोंबवावे लागत नाही. पंप होडीच्या पोटात, नळीच्या आत असतो. धावत्या होडीत वेगाने शिरणारे पाणी नळीत थोडे मंदावते आणि त्याचा दाब वाढतो. म्हणून पात्यांना जास्त दाबाचे पाणी मिळते व बुडबुडे होण्याचा धोका कमी होतो. बर्नुलींचे तत्त्व येथे अभियंत्याच्या मदतीला येते.

अर्थात ज्या माणसाने झोताला यश मिळवून दिले, तो वेगाच्या विक्रमासाठी त्याकडे वळला नव्हता. विल्यम हॅमिल्टन यांचा जन्म १८९९ सालचा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, मॅकेन्झी प्रदेशात, आयरिशमन क्रीक येथे १९२१पासून त्यांचे मेंढ्यांचे मोठे कुरण होते. यंत्रांचे वेड असे की त्यांनी कुरणावरच कार्यशाळा थाटली आणि ओढ्यावर धरण बांधून तिच्यासाठी वीज तयार केली. त्या भागातल्या नद्या बर्फाळ डोंगरांतून उतरतात, गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक धारांत विखुरतात, वेगाने वाहतात आणि जागोजागी घोटाभरच खोल असतात. तेथे प्रोपेलर पहिल्याच गोट्यावर आपटून मोडायचा. अशा नदीतून उलट वर जाणारी होडी हॅमिल्टन यांना हवी होती.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेतील हॅन्ली यांच्या यंत्राच्या धर्तीवर प्रयोग सुरू केले. या यंत्रात पंपाचे पाणी होडीच्या तळाखालच्या, फिरवता येणाऱ्या तोटीतून सोडले जाई. होडी चाले, पण वेग मिळेना. तेव्हा त्यांच्याच एका सहकाऱ्याने सुचवले की तोटी तळाखालून काढून होडीच्या मागच्या फळीत, पाण्याच्या पातळीच्या जरा वर बसवावी. तसे केले आणि वेग एकदम वाढला.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. होडीला पुढे ढकलणारे बल मागच्या पाण्याकडून येत नाही. पंपाची पाती आणि नळीच्या भिंती आतल्या पाण्याला मागे रेटतात, तेच पाणी त्यांना पुढे रेटते. क्रिया आणि प्रतिक्रिया होडीच्या पोटातच घडतात. तोटीतून सुटलेल्या पाण्याचे पुढे काय होते याच्याशी होडीला कर्तव्य उरत नाही. बागेतली रबरी नळी पूर्ण दाबाने सोडली की तिचे मोकळे टोक हवेतही मागे उसळते, ते याचमुळे. तोटी वर नेल्याने बल फारसे बदलले नाही, पण तळाखाली पाणी कापत जाणारा अडथळा गेला. पाणी थोडे वर उचलावे लागते हे खरे. पण ३० सेंटिमीटर उचलण्यासाठी दर किलोग्रॅमला सुमारे ३ ज्यूल लागतात, तर वेग १५ वरून २५ करण्यासाठी २०० ज्यूल. हा तोटा नगण्यच म्हणायचा.

यानंतर सुधारणा भराभर झाल्या. पाणी बाजूला भिरकावणाऱ्या केंद्रोत्सारी पंपाऐवजी पाणी सरळ मागे ढकलणारा अक्षीय पंप आला. पंपातून पाणी गरगरत बाहेर पडले तर त्या फिरण्यातली ऊर्जा वाया जाते, म्हणून मागे स्थिर पाती बसवून झोत सरळ केला. सुकाणूऐवजी तोटीच वळू लागली. होडी मागे घेण्यासाठी इंजिन उलटे फिरवण्याची गरज राहिली नाही. तोटीमागे एक वक्र झडप खाली आणायची की झोत वळून पुढच्या दिशेने जातो. पुढे पंपाचे तोंड मोठे करून जास्त पाणी, कमी वेगवाढीने फेकण्याकडे कल झाला. आपल्या गणिताने हेच सांगितले होते.

या होड्यांनी १९६० साली अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमधून, कोलोराडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध प्रवास केला. असा प्रवास त्यापूर्वी कोणी केला नव्हता. हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन त्या चमूत होते. आपल्या देशानेही या होड्या पाहिल्या. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी बंगालच्या उपसागरापासून तीन जेट होड्या घेऊन गंगेतून वर निघाले. जॉन हॅमिल्टन याही वेळी सोबत होते. हरिद्वारच्याही पुढे, हिमालयातील खळाळ चढत ते नंदप्रयागपर्यंत गेले. तेथे धबधब्याने वाट अडवली.

मोठ्या जहाजांनीही मग झोत स्वीकारला. अटलांटिक महासागर ओलांडण्याचा विक्रम १९५२पासून 'युनायटेड स्टेट्स' या प्रोपेलरच्या अजस्र जहाजाकडे होता. त्याचा सरासरी वेग ३५.५९ नॉट होता. १९९० साली टास्मानियात बांधलेल्या 'हॉव्हरस्पीड ग्रेट ब्रिटन' या ७४ मीटर लांबीच्या, जलझोतावर चालणाऱ्या जहाजाने सरासरी सुमारे ३६.६ नॉट वेगाने तो मोडला. भारतीय नौदलात २००९ साली दाखल झालेली, कोलकात्यात बांधलेली 'कार निकोबार' ही गस्ती नौकाही जलझोतावर धावते.

म्हणून प्रोपेलर संपला असे मात्र नाही. संथ चालणाऱ्या मालवाहू जहाजांना आजही मोठ्या व्यासाचा प्रोपेलरच परवडतो. झोताच्या यंत्रात तळाच्या तोंडाशी शेवाळ, दोऱ्या, प्लास्टिक अडकते. जाळी लावावी तर विरोध वाढतो. आणि पंप मंद केला की झोताबरोबर होडी वळवण्याची ताकदही कमी होते, हे नवख्या चालकाला धक्क्याला लागताना कळते.

हॅमिल्टन यांना १९७४ साली 'सर' हा किताब मिळाला. १९७८ साली ते वारले. झोताच्या होडीचा शोध आपण लावला असे त्यांनी कधी म्हटले नाही. तो मान ते गमतीने आर्किमिडीजला देत.

वर दिलेले गणित विद्यार्थ्यांना आणखी दोन वेगांसाठी करायला द्यावे : सेकंदाला १ मीटर आणि २५ मीटर. उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडावीत आणि मग विचारावे, कोळशाची पडाव वाहून नेणाऱ्या बोटीला आणि किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या नौकेला तुम्ही कोणते यंत्र द्याल? आणि तोटीचा पहिला प्रश्न पुन्हा एकदा विचारावा. या वेळी 'वर' असे उत्तर आले, तरी कारण सांगितल्याशिवाय ते मान्य करू नये.